मशीन लोडिंगचं वेळापत्रक: वेळेचा भरवसा नसताना जॉब कसे लावायचे

सोमवारी फळ्यावर मांडलेलं लोडिंग (कोणता जॉब, म्हणजे कोणत्या ऑर्डरचं काम, कोणत्या मशीनवर कधी चढवायचं ते) मंगळवारच्या दुसऱ्या पाळीपर्यंत खोडावं लागत असेल, तर लगेच ऑपरेटरवर किंवा सॉफ्टवेअरवर खापर फोडू नका. आधी फळ्याकडे बघा. प्रत्येक जॉबसमोर एकच आकडा लिहिलेला दिसेल. ‘सहा तास’ असं लिहिलं की पुढचे चार जॉब, हीट ट्रीटमेंटची गाडी आणि ग्राहकाला दिलेली तारीख, सगळं त्या सहावर टांगलं जातं. जॉब साडेआठ तासांनी उतरला की सगळी माळ घसरते.

इथे दिलेली पद्धत छोट्या-मध्यम मशीन शॉपसाठी आहे: दोन सीएनसी लेथ (संगणकावर चालणारी), एक व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन), एक सिलिंड्रिकल ग्राइंडर (गोल भाग घासणारं मशीन), हीट ट्रीटमेंट (भट्टीत तापवून माल कडक करणं) बाहेर, काम दोन पाळ्यांत. प्रेस शॉप किंवा मोल्डिंगलाही ती चालते. उदाहरणातले आकडे हिशेब दाखवण्यापुरते आहेत, त्यांच्या जागी तुमचे घाला.

## तयारी: फळ्याजवळ जाण्याआधी

चार गोष्टी कागदावर हव्यात.

- हातातल्या जॉबची यादी. प्रत्येकाचे बाकी नग, बाकी ऑपरेशन, देण्याची तारीख आणि माल स्टोअरमध्ये आला आहे की नाही. ‘माल उद्या येतोय’ म्हणजे माल आलेला नाही.
- मागच्या ३०-४० जॉबचा अंदाज आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ, शेजारी शेजारी.
- मशीनचे खरे तास. दोन पाळ्या म्हणजे १६ तास नव्हेत. जेवण, चहा, पाळीबदल, साफसफाई आणि त्या मशीनचा नेहमीचा बिघाड वजा करा. पुढच्या उदाहरणात दिवसाला १४ तास धरले आहेत.
- अडणारं मशीन कोणतं. मशीनवर पडलेलं काम भागिले उपलब्ध तास, हे गुणोत्तर ज्याचं सर्वांत जास्त, ते. मग जमिनीवर जाऊन खात्री करा: त्याच मशीनपुढे क्रेट साचलेले दिसले पाहिजेत. कागद एक सांगतो आणि क्रेट दुसरं, असं झालं तर कागदावरचे वेळ चुकलेत.

जुनी नोंदच नसेल तर प्रत्येक जॉबकार्डवर फक्त चार गोष्टी लिहायला लावा: सेटिंग कधी धरलं, पहिला नग कधी पास झाला, शेवटचा नग कधी उतरला, मधे किती मिनिटं आणि कशासाठी थांबलं. तीन आठवड्यांत काम भागेल एवढी नोंद जमते. यापेक्षा लांब फॉर्म दिला तर पाळी संपताना सगळे रकाने अंदाजाने भरले जातात आणि तुमच्या हाती कचरा येतो.

## टप्पा १: जॉबच्या वेळेचे तुकडे करा

एका जॉबच्या वेळेत तीन वेगळ्या स्वभावाच्या गोष्टी असतात आणि तिन्हींचा भरवसा वेगवेगळ्या कारणांनी नसतो.

सेटिंग आणि पहिला नग पास होणं. एका लॉटला (एका खेपेत करायच्या नगांना) एकदाच. सॉफ्ट जॉ (नग धरणारे मऊ जबडे) बोअर करणं, टूल लावणं, ऑफसेट घेणं (टूलची जागा मशीनला सांगणं), मग क्यूसीकडे (गुणवत्ता तपासणीकडे) नग पाठवून वाट बघणं. नेहमी दीड तासात होणारं सेटिंग जॉ बदलावे लागले किंवा ड्रॉइंगची आवृत्ती जुळली नाही तर चार तास खातं. लहान लॉटमध्ये वेळेची सगळी बोंब इथेच असते.

नगामागे लागणारा वेळ. २०० शाफ्टचा लॉट घ्या. सायकल (मशीनचं एका नगावरचं काम) साडेतीन मिनिटं आणि नग चढव-उतार ४० सेकंद, म्हणजे नगामागे ४ मिनिटं १० सेकंद. एकूण ८३३ मिनिटं, म्हणजे १३ तास ५३ मिनिटं. आता एखादा नग २० सेकंद जास्त घेतो, दुसरा २० सेकंद कमी. ही चढउतार आपसात कटते. २०० नगांवर तिचा फैलाव, म्हणजे बेरीज साधारण किती इकडेतिकडे होईल तो आकडा, निघतो २० गुणिले २०० चं वर्गमूळ, म्हणजे २८३ सेकंद. पाच मिनिटंसुद्धा नाहीत. सोडून द्या.

पण बार कडक निघाला आणि ऑपरेटरने फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) कमी केला, सायकल साडेतीनची चार मिनिटं झाली, तर ती २०० च्या २०० नगांना लागते. लॉट १०० मिनिटं लांबतो. ही चूक कटत नाही, साचते. पहिल्या चुकीची काळजी करत बसणारे दुसरीकडे बघायलाच विसरतात.

थांबणं. इन्सर्ट (टूलची बदलता येणारी कापणारी टिकली) बदल हा ठरलेला खर्च आहे. ४० नगांना एक कडा चालत असेल तर २०० नगांत चार वेळा बदल, प्रत्येकी तीन मिनिटं, तो हिशेबात घ्या. मशीन बिघाड मात्र जॉबच्या वेळेत घालू नका.

> सावधान: बिघाडाचे तास तुम्ही उपलब्ध तासांतून आधीच वजा केलेत. ते जॉबच्या वेळेतही धरले तर एकच नुकसान दोनदा मोजलं जातं आणि शॉप आहे त्यापेक्षा भरलेलं दिसतं.

## टप्पा २: प्रत्येक जॉबला तीन आकडे द्या

सेटरला किंवा सुपरवायझरला ‘किती वेळ लागेल?’ असं विचारलं की उत्तर नेहमी सगळं सुरळीत गेलं तर काय, याचं मिळतं. प्रश्न बदला:

- चांगला: असे दहा लॉट केले तर एखादाच यापेक्षा लवकर होईल, तो वेळ.
- नेहमीचा: निम्मे लॉट याच्या आत, निम्मे बाहेर.
- वाईट: दहातला एखादाच लॉट यापेक्षा जास्त घेईल, तो वेळ.

वाईट आकडा आधी विचारा. ‘नेहमीचा’ एकदा तोंडातून निघाला की माणूस त्याच्याच आसपास घुटमळतो आणि वाईट आकडा फारच मवाळ येतो. ‘मागच्या वेळी हा जॉब कशाने अडकला होता?’ एवढं विचारलं तरी पुरतं.

मग दोन हिशेब:

सरासरी = चांगल्याचे ०.३ + नेहमीच्याचे ०.४ + वाईटाचे ०.३

फैलाव = (वाईट − चांगला) ÷ २.५६

व्हीएमसीवरचे पाच जॉब घेऊ. आकडे तासांत, सेटिंगसह. ‘वजन’ म्हणजे उशीर किती महाग पडेल: ३ म्हणजे ग्राहकाची लाइन थांबेल, २ म्हणजे तगादा येईल, १ म्हणजे स्टॉकचा माल.

| जॉब | चांगला | नेहमीचा | वाईट | सरासरी | फैलाव | वजन | वजन ÷ सरासरी |
|---|---|---|---|---|---|---|---|
| अ | ५ | ६ | ९ | ६.६ | १.६ | २ | ०.३० |
| ब | २.५ | ३ | ४.५ | ३.३ | ०.८ | २ | ०.६१ |
| क | ८ | १० | १८ | ११.८ | ३.९ | ३ | ०.२५ |
| ड | ४ | ४.५ | ५.५ | ४.६५ | ०.६ | ३ | ०.६५ |
| ई | ६ | ७ | ११ | ७.९ | २.० | १ | ०.१३ |

‘क’ हा नवा कास्टिंगचा (ओतीव मालाचा) जॉब आहे, फिक्स्चर (नग धरून ठेवणारा साचा) पहिल्यांदाच लागणार. ‘ड’ नेहमीचा, दर महिन्याला येणारा. फैलावाच्या रकान्यात ते लगेच दिसतं.

सरासरी प्रत्येक वेळी ‘नेहमीच्या’पेक्षा जास्तच आली आहे, हे पाहून घ्या. मशीन शॉपमध्ये जॉब लवकर होण्याला मर्यादा असते, उशिराला नसते. त्यामुळे आकडे जास्त वेळेच्या बाजूला ओढले जातात.

> तपासा: एखाद्या जॉबचा वाईट आकडा नेहमीच्याच्या सव्वापटीपेक्षाही कमी आला असेल आणि तो जॉब नवा असेल, तर तुम्हाला खरं उत्तर मिळालेलं नाही. परत विचारा.

## टप्पा ३: बेरीज नीट करा

बहुतेक ठिकाणी घोळ इथे होतो, आणि तो दोन्ही बाजूंनी होतो.

पाचही ‘नेहमीच्या’ आकड्यांची बेरीज ३०.५ तास. हे धरून तारीख दिलीत तर चुकणार, कारण सरासऱ्यांचीच बेरीज ३४.२५ तास आहे. पावणेचार तास मांडणीतच गायब.

दोनदा तोंड पोळलेला माणूस मग प्रत्येक जॉबला वाईट आकडा लावतो: बेरीज ४८ तास. पण पाचही जॉब एकाच आठवड्यात वाईट जाणं जवळजवळ होत नाही. ४८ धरून बसलात तर मशीन रिकामं असताना ऑर्डर नाकाराल. त्याहून वाईट म्हणजे, प्रत्येक जॉबला सुटा-सुटा दिलेला जास्तीचा वेळ त्या त्या जॉबमध्येच वापरून संपतो. लवकर झालेल्या जॉबचा वाचलेला वेळ पुढे सरकत नाही, लांबलेल्याचा उशीर मात्र सरकतो.

बरोबर रीत अशी: सरासऱ्या बेरजेने मिळवा, फैलाव वर्गाने. प्रत्येक फैलावाचा वर्ग करा, मिळवा, वर्गमूळ घ्या. इथे वर्गांची बेरीज साधारण २२.५, वर्गमूळ ४.७४ तास. दहातल्या नऊ वेळा पाळता येईल असा आकडा हवा असेल तर फैलावाला १.२८ ने गुणून सरासरीत मिळवा:

३४.२५ + १.२८ × ४.७४ = साधारण ४०.३ तास

३०.५ फसवं, ४८ घाबरट, ४०.३ वर शब्द देता येतो. सरासरीवरचे हे सहा तास एकत्र, शेवटी, एकाच ठिकाणी ठेवायचे. ते पाचही जॉबच्या सामाईक मालकीचे आहेत.

> सावधान: वर्गमुळाची सवलत जॉब एकमेकांपासून सुटे असतील तरच मिळते. पाचही जॉब एकाच हीटच्या (एका वेळी वितळवलेल्या धातूच्या) कास्टिंगचे असतील, किंवा अनुभवी सेटर रजेवर असल्यामुळे सगळी सेटिंग नवा मुलगा करणार असेल, तर सगळे एकदमच लांबतील. अशा वेळी फैलाव सरळ मिळवा: ८.८ तास. मग आकडा येतो साधारण ४५.५. तीन दिवसांचे ४२ तास त्याला पुरत नाहीत.

## टप्पा ४: पहिला क्रम लावा

अडणाऱ्या मशीनवर जॉब ‘वजन ÷ सरासरी’ या गुणोत्तराने उतरत्या क्रमात लावा. एका मशीनवर उशिराची एकूण झळ कमीत कमी ठेवायची तर हाच नियम, आणि वेळ अनिश्चित असली तरी सरासरी वापरून तो टिकतो. आपल्या पाच जॉबचा क्रम: ड, ब, अ, क, ई.

दोन जॉबची गुणोत्तरं अगदी जवळ असतील तर दशांशावर भांडू नका. तुमचे तीन आकडेच तेवढे अचूक नाहीत. तिथे सेटिंगला ठरवू द्या: ज्याचं फिक्स्चर किंवा जॉ आधीच लागलेले आहेत तो आधी.

लेथ दोन आहेत, तिथे वेगळी चूक होते. आठवड्याचे सगळे जॉब पहिल्याच दिवशी ‘हे एक नंबरला, हे दोन नंबरला’ असे वाटून टाकले जातात. मग एक नंबरवरचा जॉब अडकतो, त्याच्यामागचे चार खोळंबतात आणि दोन नंबर शुक्रवारी मोकळं बसतं. दोन्ही लेथना चालणाऱ्या जॉबची रांग एकच ठेवा. जे मशीन आधी मोकळं होईल त्याने रांगेतला पुढचा उचलायचा. आठवडाअखेर सगळं संपवायचंच असेल तर लांब जॉब आधी चढवा, म्हणजे शेवटी एका मशीनवर बारा तासांचं धूड उरत नाही. ज्या जॉबना चकचा (नग पकडणाऱ्या भागाचा) व्यास किंवा बार फीडर (सळई आपोआप पुढे देणारं साधन) यामुळे एकच लेथ चालतं, तेवढेच आधी बांधून ठेवा.

## टप्पा ५: क्रम तारखांशी ताडून पाहा

लावलेल्या क्रमाने प्रत्येक जॉब कधी उतरेल, त्याची सरासरी आणि ‘दहातल्या नऊ वेळा’चा आकडा काढा. टप्पा ३ चीच बेरीज, फक्त त्या जॉबपर्यंत. तारखा मशीनच्या तासांत बदलून घ्या: पहिल्या दिवसाची अखेर १४, दुसऱ्याची २८, तिसऱ्याची ४२.

| क्रम | सरासरी | नऊ वेळा | द्यायचा |
|---|---|---|---|
| ड | ४.६५ | ५.४ | १४ |
| ब | ७.९५ | ९.२ | १४ |
| अ | १४.५५ | १६.९ | ४२ |
| क | २६.३५ | ३१.९ | २८ |
| ई | ३४.२५ | ४०.३ | ४२ |

‘क’ बघा. सरासरी २६.३५, तारीख २८. साध्या लोडिंगमध्ये हा जॉब आरामात बसलेला दिसतो. प्रत्यक्षात तो वेळेवर उतरण्याची शक्यता शंभरात साधारण ६५ आहे, आणि वजन ३ आहे.

‘अ’ ला तिसऱ्या दिवसापर्यंत मुभा आहे, म्हणून ‘अ’ आणि ‘क’ची अदलाबदल करा: ड, ब, क, अ, ई. आता ‘क’ची सरासरी १९.७५ आणि नऊ वेळा २४.९, म्हणजे २८ च्या आत. ‘अ’ ३१.९ वर जातो, ४२ च्या आत. ‘ई’ला काहीच फरक पडत नाही.

मग ‘क’ सगळ्यात आधीच का नको? कारण त्याचा ३.९ तासांचा फैलाव मागच्या प्रत्येक जॉबच्या गळ्यात पडतो. ‘ड’ आणि ‘ब’ पहिल्याच दिवशी द्यायचे आहेत. ‘क’ त्यांच्या आधी लावला तर दोघांचीही तारीख जाते. बेभरवशाचा जॉब लवकर घ्यावा, पण तातडीच्या छोट्या जॉबच्या मागे. बसत नसेल तर त्याची तारीख आजच ग्राहकाशी बोला, तारखेच्या आदल्या रात्री नको.

> तपासा: असेंब्लीला एकत्र जाणारे भाग वेगळे तपासा. तीन भागांचा किट असेल आणि प्रत्येक भाग वेळेवर येण्याची शक्यता ९० टक्के असेल, तर तिन्ही येण्याची शक्यता ७३ टक्केच उरते. तिघांनाही ‘नेहमीचा’ वेळ लावला असेल तर साडेबारा टक्के. किटची तारीख सर्वांत उशिरा येणाऱ्या भागाच्याही पुढे ठेवावी लागते.

## टप्पा ६: माल सोडणं आणि मशीनपुढची रांग

क्रम ठरला म्हणून सगळा माल एकदम शॉपमध्ये ओतू नका. तसं केलं की लेथवाले आपल्या सोयीचे जॉब आधी काढतात आणि व्हीएमसीपुढे नको तो माल साचतो. अडणारं मशीन जितकं खातं तितकाच माल मागून सोडा.

त्या मशीनपुढे मात्र अर्धी ते एक पाळी पुरेल इतका तयार माल कायम उभा हवा. लेथवरचा जॉब लांबला तरी व्हीएमसी रिकामं राहता कामा नये. लेथचा एक तास गेला तर भरून काढता येतो, व्हीएमसीचा गेला तो गेला.

तयार म्हणजे काय, हे सोडण्याआधी हाताने तपासायचं:

1. माल पूर्ण नगांचा, टेस्ट सर्टिफिकेटसह
2. ड्रॉइंगची चालू आवृत्ती, आणि प्रोग्रॅम त्याच आवृत्तीचा
3. फिक्स्चर किंवा जॉ, बोल्ट-क्लॅम्पसकट
4. इन्सर्ट आणि ड्रिल पूर्ण लॉटला पुरतील इतके
5. गेज जागेवर. प्लग गेज (भोकाचं माप तपासायचं साधन) कॅलिब्रेशनला गेलेलं असतं आणि ते पहिला नग पास करताना कळतं, हा प्रकार फार ठिकाणी होतो

पाचातलं एक जरी नसलं तरी जॉब रांगेत घ्यायचा नाही, ग्राहकाचा कितीही फोन येवो. अर्धवट तयारीने चढवलेला जॉब मशीनवरच अडकतो आणि रांगेतल्या सगळ्यांचा वेळ खातो.

अडणाऱ्या मशीनवर किती काम घ्यायचं, याला एक मर्यादा आहे. रांगेत माल किती काळ पडून राहणार हे साधारण ‘भरलेला भाग ÷ मोकळा भाग’ या गुणोत्तराने वाढतं. मशीन ८० टक्के भरलं तर ४, ९० टक्क्यांना ९, ९५ टक्क्यांना १९. वेळा बेभरवशाच्या असताना ८५ टक्क्यांच्या वर लोड घेणं म्हणजे उशीर विकत घेणं. आपल्या उदाहरणात ४२ पैकी ३४.२५, म्हणजे ८२ टक्के आहे. अजून एखादा जॉब ‘बसवून टाकू’ म्हणणाऱ्याला हे गुणोत्तर दाखवा.

## टप्पा ७: बाहेरच्या कामाचा हिशेब दिवसांत करा

हीट ट्रीटमेंटला भट्टीतला वेळ विचारून लोडिंग करू नका. तुमचा माल भट्टीबाहेर जास्त काळ पडून असतो: गाडीची वेळ, चार्ज (भट्टीची एक खेप) भरेपर्यंतची वाट, टेम्परिंगनंतरची (कडक केलेला माल पुन्हा तापवल्यावरची) हार्डनेस तपासणी, परत चलन. चलनावरच्या जा-ये तारखांतून मागच्या वीस फेऱ्यांचे दिवस काढा आणि त्यांचेच तीन आकडे करा. पिंपरी-चिंचवड आणि भोसरी भागात औद्योगिक सुट्टी गुरुवारची असते. बुधवारी संध्याकाळी पाठवलेला लॉट शुक्रवारी सकाळी पाठवल्यासारखाच आहे.

आणखी एक जोडणी सुटते. हीट ट्रीटमेंट आणि पुढचं ग्राइंडिंग हे सुटे जॉब नाहीत. व्यासावर ०.३ मिमी ग्राइंडिंग अलाउन्स (घासण्यासाठी शिल्लक ठेवलेलं माप) ठेवला आणि शाफ्ट ०.०५ मिमी वाकून आला तर काम नेहमीसारखं होतं. ०.२ वाकून आला तर आधी सरळ करणं आलं, नाहीतर एका बाजूला ग्राइंडरचा दगड लागतो आणि दुसरी न घासता काळीच राहते. म्हणजे भट्टीतला वाईट दिवस ग्राइंडरवरही वाईट दिवस आणतो. या जोडीला वर्गमुळाची सवलत देऊ नका, फैलाव सरळ मिळवा. आणि लॉट आल्या आल्या पाच शाफ्ट व्ही-ब्लॉकवर (खाचेच्या ठोकळ्यावर) ठेवून, डायल लावून किती वाकलेत ते बघा. ग्राइंडरचं लोडिंग त्यानंतर पक्कं करा.

## टप्पा ८: एक्सेलवर एकदा चालवून पाहा

दोन क्रमांपैकी कोणता बरा हे हाताने ठरत नसेल तर जुनी नोंद कामाला येते. मागच्या ३० जॉबचं ‘प्रत्यक्ष ÷ अंदाज’ हे गुणोत्तर एका रकान्यात ठेवा: ०.९, १.१, १.०, १.७ असे आकडे दिसतील. आता प्रत्येक जॉबसाठी एक्सेलच्या रँडबिटवीन फंक्शनने १ ते ३० मधला क्रमांक काढा, इंडेक्स फंक्शनने त्या ओळीचं गुणोत्तर उचला, त्याने जॉबचा अंदाज गुणा, आणि क्रमाने बेरीज करत जा. ही झाली एक ओळ, म्हणजे एक संभाव्य आठवडा. अशा हजार ओळी खाली ओढा आणि प्रत्येक जॉब किती ओळींत तारखेच्या आत आला ते मोजा.

तीन ठिकाणी चुका होतात:

- नोंदीतला ‘अंदाज’ ज्या पद्धतीने काढला होता, त्याच पद्धतीचा अंदाज इथे गुणायचा. जुने अंदाज ‘नेहमीचे’ असतील आणि तुम्ही सरासरीला गुणत असाल तर उशीर दोनदा धरला जातो.
- दोन क्रमांची तुलना करताना आकडे गोठवा: कॉपी करून फक्त व्हॅल्यू पेस्ट करा. नाहीतर प्रत्येक एंटरला नवे आकडे पडतात आणि तुम्ही क्रमांऐवजी नशिबांची तुलना करता.
- नव्या जॉबना जुन्या, नेहमीच्या जॉबची गुणोत्तरं लावू नका. दोन वेगळे रकाने ठेवा.

हे दर आठवड्याला करायची गरज नाही. नवा ग्राहक, दंडाची अट, किंवा लोड मर्यादेच्या जवळ गेलेला असेल तेव्हा करा.

## टप्पा ९: आठवडा चालू असताना क्रमाला कधी हात लावायचा

चालू पाळी आणि पुढची पाळी गोठलेली. त्यापुढचे दोन दिवस सुपरवायझर आणि पीपीसी (उत्पादन नियोजन विभाग) मिळून बदलू शकतात. त्यापलीकडचं मोकळं. हा नियम फळ्यावरच लिहा, कारण तो मोडायला सर्वांत आधी मालकच येतात.

लांबणाऱ्या जॉबवर लक्ष ठेवायला राखीव वेळेचे तीन समान भाग करा. ‘क’ची तारीख २८ आणि सरासरी १९.७५, म्हणून राखीव सव्वाआठ तास. प्रत्येक पाळीअखेर ‘आत्ताच्या घडीला कधी उतरेल’ हे नव्याने काढा:

- २२.५ पर्यंत: काही करू नका. सरासरीपेक्षा एक-दोन तास मागे असणं ही नेहमीची गोष्ट आहे.
- २२.५ ते २५.२५: तयारी करा. पुढच्या जॉबचं फिक्स्चर बाहेर लावून ठेवा, क्यूसीला आगाऊ सांगा, ओव्हरटाइमला कोण थांबेल ते विचारून ठेवा. दुप्पट मजुरीचा निर्णय आत्ताच घेऊ नका.
- २५.२५ च्या पुढे: आता हालचाल. ओव्हरटाइम, काही नग बाहेर देणं, किंवा लॉट फोडून ग्राहकाला लागतील तेवढेच आधी पाठवणं.

चढलेला जॉब अर्ध्यात उतरवणं हा अगदी शेवटचा उपाय. सेटिंग दोनदा लागतं, पहिला नग दोनदा पास करावा लागतो आणि उतरवलेला लॉट कोपऱ्यात हरवतो. हिशेब सोपा आहे: नव्या जॉबच्या उशिराची झळ दोन सेटिंगच्या तासांपेक्षा नक्की मोठी आहे का? बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असतं, फक्त फोनवरचा आवाज मोठा असतो.

बिघाड झाला तर लगेच सगळा क्रम मोडू नका. दोन तासांत सुरू होणार असेल तर तोच क्रम पुढे ढकला. पाळीभर किंवा जास्त लागणार असेल तर टप्पा ५ चा तक्ता उरलेल्या जॉबसाठी नव्याने करा. सर्व्हिस इंजिनीअरने सांगितलेल्या वेळेचेही तीन आकडे करा, विशेषतः इलेक्ट्रॉनिक कार्ड किंवा स्पिंडल बेअरिंग मागवायचं असेल तेव्हा.

> सावधान: ऑपरेटरच्या कार्डावर वाईट आकडा लिहू नका. नऊ तास दिसले की सहाचा जॉब नऊपर्यंत पुरवला जातो. आणि नेहमीचा आकडा लिहून, तो चुकला की जाब विचारू नका. तो निम्म्या वेळा चुकणारच आहे. एकदा बोलणी बसली की पुढच्या वेळी तीनही आकडे फुगवून येतात. कार्डावर फक्त क्रम लिहा.

## टप्पा १०: आठवड्याची तपासणी

साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी झालेल्या जॉबसमोर प्रत्यक्ष वेळ लिहा आणि दोन मोजणी करा.

वाईट आकड्याच्याही पुढे किती जॉब गेले? दहात एखादा असेल तर आकडे बरोबर आहेत. तीन-चार असतील तर तुमचा फैलाव फार आखूड आहे. तीन-चार आठवडे एकही गेला नसेल तर कोणीतरी फुगवतंय.

नेहमीच्या आकड्याच्या पुढे किती गेले? निम्म्याच्या आसपास हवेत. दहातले आठ जात असतील तर सायकल टाइमच जुना आहे, घड्याळ घेऊन मशीनपाशी उभं राहायला लागेल.

एका आठवड्याच्या पाच जॉबवरून काही ठरवू नका. वीस-पंचवीस जॉब जमल्यावर बघा, आणि मशीनवार वेगळं बघा: लेथचे आकडे नीट आणि ग्राइंडरचे वाट्टेल तसे, हे नेहमीचं चित्र आहे. लांबलेल्या प्रत्येक जॉबचं कारण एकाच शब्दात लिहा: सेटिंग, माल, टूल, गेज, क्यूसी, बिघाड. महिनाअखेर ज्या शब्दाचे तास सर्वांत जास्त भरतील, त्या एकाच कारणावर पुढच्या महिन्यात काम करा. क्यूसीची वाट हे कारण वर आलं, तर दुसऱ्या पाळीत पहिला नग पास करायला माणूस ठेवला की व्हीएमसीच्या प्रत्येक जॉबचा वाईट आकडा खाली येतो. मग टप्पा २ चा तक्ता नव्या आकड्यांनी भरायचा.